पळणाऱ्याला वेळ कोण देणार?

कॅन्सस सिटीत वसंताची चाहूल लागली, की झाडांना पालवी फुटायच्या आधी एक प्रश्न फुटतो : आपल्या संघाला आणखी वेगवान रिसीव्हर हवेत का? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं. ‘आहेत ते पुरे’ असं म्हणणारा चीफ्सचा चाहता मला तरी अजून भेटायचा आहे. माझा भाचा त्या शहराच्या उपनगरात, ओव्हरलँड पार्कला राहतो. (शहराचं नाव कॅन्सस सिटी, संघाचं मैदान मिसुरी राज्यात, आणि भाच्याचं घर कॅन्ससमध्ये. पत्ता सांगतानाच माणूस दमतो.) मूळचा सांगलीचा. एकदा फोनवर तो कळवळून म्हणाला, “मामा, आपल्याकडे स्पीडच नाही रे!” मला आधी त्याच्या इंटरनेटची काळजी वाटली. ‘आपल्याकडे’ म्हणजे चीफ्सकडे, हे जरा उशिरा उमगलं.

चीफ्स हा त्या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. हा फुटबॉल गोव्यात किंवा कोलकात्यात खेळतात तो नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायाशी त्याचा संबंध अगदीच नैमित्तिक. अकरा जणांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि वाइड रिसीव्हर कडेकडेने पळत जाऊन तो झेलतो. चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन. तीन तासांहून लांब चालणाऱ्या प्रक्षेपणात चेंडू खरोखर खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. बाकीचा वेळ चर्चेचा. हे समजलं तेव्हा मराठी माणसाला हा खेळ आजवर परका का राहिला, याचंच मला नवल वाटलं.

वेग मोजण्याचं तीर्थक्षेत्र म्हणजे इंडियानापोलिस. हिवाळा सरता सरता विद्यापीठांतून बाहेर पडणारे तीनशेच्या वर खेळाडू तिथे जमतात. त्यांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतसुद्धा मोजतात. मग चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळायला लावतात. डोक्याला हेल्मेट नाही, खांद्यांवर पॅड नाहीत, समोर अडवायला कोणी नाही, हातात चेंडूही नाही. थोडक्यात, खेळात जे काही असतं ते सगळं बाजूला काढून उरलेल्याचा हिशेब सेकंदाच्या शतांशापर्यंत ठेवतात.

२०१७ साली जॉन रॉस तिथे ४.२२ सेकंदांत पळाला. तोवरचा विक्रम मोडला. आमचे बूट घालून जो विक्रम मोडेल त्याला चक्क एक बेट देऊ, असं बुटांच्या एका कंपनीने जाहीर केलं होतं. रॉसच्या पायात बूट दुसऱ्या कंपनीचे होते. बेट हुकलं, पण नव्या खेळाडूंच्या निवडीत सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. त्याच वर्षी, त्याच जागी कूपर कप नावाचा मुलगा ४.६२ सेकंदांत पळाला. पळाला म्हणजे पोचला, एवढंच. त्याचा क्रमांक लागला ६९वा, लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात.

पहिल्या मोसमात रॉसने झेललेले चेंडू : शून्य. आणि कपने २०२१च्या मोसमात १४५ चेंडू झेलले, १,९४७ यार्ड कमावले, १६ टचडाउन केले; तिन्ही बाबतींत सगळ्या लीगमध्ये पहिला. फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, विजयाचा टचडाउन त्याचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याचा. समोर संघ होता सिनसिनाटीचा. रॉस तोवर तिथून गेलेला होता.

या दोघांतलं अंतर ०.४० सेकंद. भर वेगात त्याचे साधारण चार यार्ड, म्हणजे बारा फूट होतात. कप बारा फूट मागे असायचा हे खरं. पण तो असायचा तिथेच चेंडू यायचा.

यावरून वेग म्हणजे निव्वळ थोतांड, असं ठरवून टाकणारेही शहाणे आहेत. त्यांच्याही नादी लागू नये. बॉब हेझ १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्णपदक जिंकून आला आणि डॅलस काउबॉइजकडून खेळू लागला. तोवर बचाव करणारे एकेकाला वाटून घ्यायचे आणि आपापल्या माणसामागे पळायचे. आता जगातल्या सर्वांत वेगवान माणसामागे पळणार कोण? म्हणून त्यांनी माणसं सोडून जागा राखायला सुरुवात केली. आज ज्याला झोन बचाव म्हणतात तो फोफावला त्याचं बरंचसं श्रेय हेझच्या पायांना देतात. एका माणसाने सगळ्या खेळाची मांडणी हलवली, हे काही थोडं नव्हे.

पण हेझची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त आवडते. ३१ डिसेंबर १९६७ला ग्रीन बेमध्ये अंतिम सामना होता. पारा शून्याखाली २५ अंश सेल्सिअस. जन्म फ्लोरिडातला, बिचारा काकडून गेला. ज्या खेळीत चेंडू आपल्याकडे येणार नाही हे त्याला ठाऊक असे, त्या वेळी तो हात पँटमध्ये खुपसून उभा राहायचा. येणार असेल तेव्हा बाहेर काढायचा. समोरच्यांना आणखी काय हवं होतं? वेग पायांत होता, पण बातमी हातांनी फोडली. काउबॉइज १७-२१ असे हरले.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, “ते जुनं झालं, मामा. टायरीक हिल आठव.” हिल खरंच आठवण्यासारखा. ‘चित्ता’ हे त्याचं टोपणनाव. फेब्रुवारी २०२०चा सुपर बोल. चीफ्स दहा गुणांनी मागे, सात-एक मिनिटं उरलेली, तिसरा प्रयत्न आणि पंधरा यार्ड बाकी. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने प्रशिक्षकांना विचारलं, की ‘वॉस्प’ नावाची खेळी करायला आपल्याला वेळ मिळेल का? खेळी झाली, हिलने ४४ यार्डांचा चेंडू घेतला, सामना फिरला आणि पन्नास वर्षांनी चीफ्सच्या घरी विजेतेपद आलं.

माहोम्सचा तो प्रश्न मात्र मला सोडत नाही. हिल पोचेल का, असं त्याने विचारलं नाही. पळणारा पळणारच होता. वेळ मिळेल का, हा खरा प्रश्न. आणि तो वेळ देणारी माणसं वेगळी असतात.

ती खेळी पुन्हा बघायची झाली तर हिलकडे बघू नका. मधल्या पाच जणांकडे बघा. एकेक जण तीनशे पौंडांच्या आगेमागे, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोंचा. चेंडू सुटेपर्यंत ओणवे, बोटं गवतावर टेकलेली. चेंडू सुटला की हे पुढे जात नाहीत. छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकतात, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर रोवून. त्याला आवळून धरायचं नाही. धरलंत तर पंच दहा यार्ड मागे ढकलतात. म्हणजे आपल्याइतक्याच धिप्पाड माणसाला, तो जिवाच्या आकांताने घुसत असताना, न पकडता अडवायचं. माहोम्स मागे मागे सरकत दहा यार्डांच्याही पलीकडे गेला, तितका वेळ हे उभे होते. त्यांच्या वाट्याला ना झेल, ना टचडाउन, ना टोपणनाव. त्यांचा क्रमांक स्टेडियमभर ऐकू येतो तो फक्त पंच चूक जाहीर करतात तेव्हा. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला आणि सगळे त्याचंच कौतुक करत असले, तरी चुलीपुढच्या आचाऱ्याने भात उतरवल्याशिवाय तो पानात काय वाढणार?

पुढे व्हायचं तेच झालं. हिल धोकादायक, हे कळल्यावर २०२१मध्ये समोरचे संघ आपले दोन सेफ्टी, म्हणजे बचावातली शेवटची माणसं, पार मागे उभे करू लागले. लांब पळालात तरी तिथे आमची माणसं आधीच हजर! हेझच्या वेळी सापडलेला उपाय, नव्या वेष्टनात. मार्च २०२२मध्ये चीफ्सने हिल मायामीला दिला आणि बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीचे पाच हक्क घेतले. गावावर शोककळा पसरली. भाच्याने दोन दिवस फोन उचलला नाही. त्यानंतर चीफ्सने काय केलं? फेब्रुवारी २०२३मध्ये सुपर बोल जिंकला, आणि २०२४मध्ये पुन्हा जिंकला.

मधल्या काळात रिसीव्हर मंडळींनी चाहत्यांचा अंत पाहिला, हे कबूल. २०२३च्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात एकाच्या हातांत आलेला चेंडू उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, त्याने तो थेट टचडाउनपर्यंत नेला, आणि चीफ्स एका गुणाने हरले. हातांचं काय करायचं हे विचारायचं सोडून गावाने पुन्हा पायांचाच धोशा लावला.

त्याच मोसमात, जानेवारी २०२४मध्ये, हिल मायामीकडून आपल्या जुन्या मैदानावर खेळायला आला. त्याच्या जोडीला एकाहून एक पळणारे. एवढा वेगवान संघ लीगमध्ये दुसरा नव्हता. त्या रात्री त्या ॲरोहेड मैदानावर शून्याखाली २० अंश होते. हिलने एक ५३ यार्डांचा टचडाउन केला, बाकी सगळे गारठले. चीफ्स जिंकले २६-७. थंडीची आणि वेगाची काहीतरी जुनी भाऊबंदकी असावी. आणि फेब्रुवारीत लास व्हेगासला ज्या चेंडूवर विजेतेपद मिळालं तो झेलला मिकोल हार्डमनने. पळण्यात तोही पटाईत. पण तो पास तीन यार्डांचा होता. तीन यार्ड मीसुद्धा पळतो.

तरीही एप्रिल २०२४मध्ये चीफ्सने झेव्हियर वर्दीला निवडलं : ४.२१ सेकंद, रॉसचाही विक्रम मोडणारा, वजन जेमतेम ७५ किलो. भाच्याने पेढे वाटले असते, पण ओव्हरलँड पार्कमध्ये शेजारी ते कशासाठी म्हणून विचारतील, या संकोचाने राहून गेलं.

मग आला फेब्रुवारी २०२५चा सुपर बोल, न्यू ऑर्लिन्सला. आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. दूधवाला आणि मी एकाच वेळी जागे. वर्दीने आठ चेंडू झेलले, १५७ यार्ड कमावले, दोन टचडाउन केले. कागदावर बघावं तर राजेशाही कामगिरी. भाच्याचा निरोप आला, “मामा, बघितलंस? स्पीड!” गुणफलक होता फिलाडेल्फिया ४०, चीफ्स २२. वर्दीचा पहिला टचडाउन झाला तेव्हा चीफ्स ३४-० असे मागे होते. फिलाडेल्फियाने जादा माणसं न पाठवता, फक्त पुढच्या फळीच्या जोरावर माहोम्सला सहा वेळा लोळवलं. चेंडू हातात धरून उभं राहायला सवड नाही, आणि तिकडे पोरगं वाऱ्यासारखं पळतंय. त्याला अडवायची गरजच कोणाला पडली नाही. फेकणाऱ्याला अडवलं की काम झालं.

मधल्या पाचांतला डाव्या कडेचा अडवणारा, म्हणजे टॅकल, मिळेना म्हणून त्या मोसमात आतल्या जागेवर खेळणाऱ्या जो थुनीला कडेला उभं केलं होतं. गुणी माणूस, पण जागा त्याची नव्हे. याची चर्चा झाली नाही असं नाही. पण ती जाणकारांपुरती. चाळीस यार्डांचा आकडा कोणालाही पाठ होतो, अडवलेल्या तीन सेकंदांचा आकडा पाठ करायला बसणार कोण? वेग दिसतो, मोजता येतो, पोस्टरवर छापता येतो. थोपवणं दिसतं ते मोडलं तरच.

तेव्हा भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर : नको. आहेत ते रिसीव्हर पुरेसे पळतात. जमलं तर झेलायची सवय तेवढी वाढवा, आणि पैसे मधल्या फळीवर खर्च करा. भाचा म्हणतो, मामाला या खेळातलं काय कळतं. ते असो. संघचालकांनी एप्रिल २०२५मध्ये पहिल्या फेरीत निवडला तो जॉश सिमन्स, तीनशे पौंडांवरचा टॅकल. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या वर्षी तो इंडियानापोलिसला चाळीस यार्ड पळालाच नव्हता.