गाणे मनाला लावून घेण्याची रीत

गाणे ऐकणे आणि गाणे मनाला लावून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला कान पुरतात. दुसरीला एखादे जपून ठेवलेले दुःख लागते: मोडलेली सोयरीक, हुकलेली नोकरी, भावकीतला बांध. स्वतःजवळ असे काही नसल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांचे उसने घ्यावे. करुण रसाला सातबारा लागत नाही.

आधी मुहूर्त पाहावा. भंडारा जिल्ह्यातले तुमसर ही धान-तांदळाची पेठ. धान बांधीत उभे असेपर्यंत रडायला खरी कारणे पुष्कळ असतात, तेव्हा गाण्याच्या नादी लागू नये. धान विकून चार पैसे हाती आले की दुसऱ्याच्या दुःखावर रडायला सवड होते. दिवाळी सरताच गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो, तो या हिशेबाला धरूनच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातले हे नाटक रात्री सुरू होते आणि उजाडता संपते. नाटक कंपन्यांचा मुख्य बाजार वडशाला. नवशिक्याने वाद्ये वाजवणाऱ्यांच्या जवळची जागा धरावी, कारण रडण्याची सूचना नटाच्या आधी तिथून मिळते. नायिका गाठोडे उचलते, सासूकडे एकदा पाहते, ऑर्गनवाला एकच सूर दाबून धरतो. पुढच्या रांगेत शाल गुंडाळून बसलेल्या बाईची फुटाण्यांची मूठ तोंडापाशी थांबते. गाणे लागू पडल्याची ही पहिली खूण. मात्र लगेच पुढच्या प्रवेशात लावणी असते. पदराने डोळे पुसून होण्याआधी मागून शिट्ट्या सुरू होतात, आणि दोन्हींत सारख्याच मनापासून सामील होता येणे ही इथल्या प्रेक्षकाची किमान पात्रता समजावी. याच रंगभूमीवर विनोदी भूमिका गाजवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. रडवणाऱ्यांनी धीर धरावा.

मंडईच्या दिवशी खडी गंमतही असते. तिथे शाहीर ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने सवाल-जबाब करतो. ज्यांना पाहुण्यांच्या गराड्यात उभ्याउभ्या हळवे व्हायचे आहे, त्यांना ती पुरते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरीभजन जपून ऐकावे. ठेका पकड घेणारा, शब्द सरळ. पण रडायला म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन ग्रामसफाईला निघाल्याची शक्यता नाकारता येत नाही.

शास्त्रीय आणि नाट्यसंगीताशी नाते जोडताना रागाचे नाव आधी विचारू नये. नाव कळले की माणूस गाणे सोडून घड्याळ पाहतो: मारवा संध्याकाळचा, मग आता कसा? ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली रंगभूमीवर आले. त्यातले खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे विदर्भाचेच, त्यामुळे या नाटकाच्या बाबतीत प्रादेशिक अभिमान आणि गहिवर यांची सरमिसळ होते. ती वेगळी करण्याच्या भानगडीत पडू नये.

चित्रपटसंगीत सर्वांत सोपे, कारण ते शोधावे लागत नाही. ‘सैराट’ (2016) साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. तीच गाणी विदर्भातल्या वरातीत धुमालच्या पॅडवर कुटली जातात आणि कुणाचे काही अडत नाही. धुमालात दुःख मावत नाही हा गैरसमज आहे. भोंग्यांच्या भिंतीपुढे रुमाल फिरवत नाचणारा वधूचा मामा नीट पाहावा: ठेका सुटत नाही, पण रुमाल सारखा तोंडावरूनच फिरतो. त्या आवाजात हुंदका कुणाला ऐकू जात नाही, ही या वाद्यमेळाची मोठी सोय होय.

निरोपाची गाणी हवी असल्यास रेल्वेचा उपयोग करावा. हावडा-मुंबई मार्गावरचे तुमसर रोड जंक्शन गावापासून वेगळे पडते. नोकरीला निघालेल्या मुलाचा निरोप त्यामुळे एकदा दारात आणि एकदा फलाटावर घ्यावा लागतो. दारातल्या वेळी गाणे आठवले नाही, तर दुसरी संधी मिळते.

एवढे करून गाणे खरेच लागले का, याची तपासणी. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, पण भरतमुनींचा मुक्काम तुमसरात नव्हता. स्वेद: एप्रिल-मेच्या लग्नात पारा 45 अंशांकडे सरकतो, घाम पुरावा म्हणून धरता येत नाही. रोमांच आणि वेपथू: पौषातल्या रात्री उघड्यावर नाटक पाहताना अंगावर काटा आणि थरथर कथानकाशिवायही येतात. स्वरभंग शिट्ट्यांनी होतो. अश्रू राइस मिलच्या कोंड्यानेही येतात. वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, पेट्रोमॅक्सच्या काळापासून कुणाला दिसलेले नाही, मेकअपवाल्याला सोडून. स्तंभ आणि प्रलय, म्हणजे जागीच थिजणे व शुद्ध हरपणे, पहाटे चारनंतर साध्या झोपेपासून ओळखू येत नाहीत. उरते एकच चाचणी. दुसऱ्या दिवशी पोते काट्यावर ठेवताना माणूस तीच चाल नकळत गुणगुणतो, आणि कुणी विचारले तर आपण गुणगुणत नव्हतो असे शपथेवर सांगतो. नाते पक्के.

पुढे मालकीचा तंटा उद्भवतो. एकच गाणे दोघांच्या मोडलेल्या सोयरिकीशी जोडलेले निघते, आणि पंगतीत ते लागताच दोघेही “हे गाणं तं आमचं होय” असे म्हणतात. अशा वेळी ज्याची सोयरीक आधी मोडली त्याचा हक्क धरावा. दोन्ही सोयरिकी एकाच ठिकाणी मोडल्या असतील तर विषय वाढवू नये, वाढप्याला वांग्याची भाजी आणायला सांगावे.

जडलेले गाणे सोडवायचे असल्यास ते स्वतःच्या मोबाइलची रिंगटोन म्हणून लावावे. बँकेचे कर्जवसुलीचे चार फोन त्या चालीवर आले की नाते आपोआप सुटते. बायकोच्या मोबाइलला लावल्यास नवेच नाते जडते, आणि त्यावरचा उतारा या मार्गदर्शनात नाही.