कंदील कुणाचा, उतारा कुणाचा

"शैला, ती गवार ठेव बाजूला आणि ये इकडं कुंपणापाशी. सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. आमच्या लेकीच्या घरमालकाला नातू झाला आणि त्याचा कंदील लागला!"

"कंदील? काकू, हाँगकाँगात वीज नाही होय?"

"चेष्टा पुरे. हाँगकाँग म्हटलं की तुला नुसत्या काचेच्या इमारती दिसतात. आमची राहते उत्तरेला, न्यू टेरिटरीजमध्ये, काम तिनला. तिथं अजून गावं आहेत बाई. तिन्हीसांजेला म्हातारे झाडाखाली गप्पा ठोकत बसतात, अगदी आपल्या पारावर बसावेत तसे. अन् गावात जो भेटेल तो तांग. सुंग राजांच्या काळापासून ठाण मांडून बसलेत. तांग, हाउ, पांग, लिउ, मान, अशी पाच मोठी घराणी त्या भागात. कुळाचा एकेक वाडा असतो, आत पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या ओळीनं मांडलेल्या."

"म्हणजे देवघर."

"देवघर आणि चावडी एकाच छपराखाली. तर झालं असं, की वर्षभरात ज्यांच्या घरी मुलगा झाला, ती मंडळी नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात त्या वाड्यात कंदील टांगतात. पौर्णिमेला त्यांचा कंदिलांचा सण, आपली माघ पौर्णिमा येते ना, बहुतेक तीच. पण हे टांगायचा दिवस गावागणिक वेगळा. शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतातही चालतं म्हणे हे. कंदील केवढा म्हणशील? रंगीत कागदाचा, झिरमिळ्यांचा, माणसं खाली उभी राहून माना वर करून बघतात. पूर्वजांपुढं भाजलेलं डुक्कर, कोंबडी, दारूचे पेले, उदबत्त्यांचा नुसता धूर. फटाके तेवढे नाहीत, १९६७ च्या दंगलींपासून तिथं बंदी आहे."

"पण कंदीलच का? पेढे वाटावेत, मोकळं व्हावं."

"वंशातला पुरुष म्हणायला त्यांचा जो शब्द आहे, तो कानाला दिव्यासारखा लागतो. मग काय, दिवा लावला की मुलगा आला."

"आणि मुलगी झाली की?"

"महिन्याचं बाळ झालं की लाल रंगवलेली अंडी वाटतात, ती मुलीचीही वाटतात हल्ली. कंदील मात्र मुलाचाच. घरमालकाला पहिली नात आहे, चार वर्षांची, अशी चुणचुणीत! सारखी आजोबांची बाही ओढत होती, माझा कुठाय म्हणून. आजोबांनी तिच्या हातात लिमलेटची गोळी ठेवली."

"बघा मेलं!"

"थांब, जेवणाचं तर ऐक. पून चोय. भली मोठी परात, परात कसली, घमेलंच. एका टेबलाला एक, दहा-बारा माणसं भोवती, आणि सगळ्यांच्या काड्या त्या एकातच. तळाला मुळा, त्यावर डुकराची कातडी, टोफू, माकूळ, मग डुकराचं मांस, वर कोंबडी आणि कोळंबी. थरावर थर. वरून खात खाली जायचं. मंगोल पाठीशी लागले तेव्हा सुंग घराण्याचा पोरगेला राजा पळत त्या बाजूला आला, गावकऱ्यांकडं एवढी ताटं कुठली, म्हणून घमेल्यात वाढलं, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी तो राजा जाणे."

"तुम्ही काय खाल्लंत? डुक्कर?"

"मी म्हटलं, मला आपला तो मुळा द्या. दिला. तोच सगळ्यांत खाली, वरच्या सगळ्याचा रस पिऊन बसलेला! गिळला कसाबसा. लेक डोळे वटारत होती. पण एक गोष्ट मला आवडली हो. जेम्स वॉटसन नावाचा एक अमेरिकन अभ्यासक त्या गावांत राहिलेला, त्यानं या जेवणावर लिहिलंय, जावयानं वाचून दाखवलं. मानाचं पान नाही, बसायची उतरंड नाही. पैसेवाला आणि भाडेकरी एकाच घमेल्यात. आपल्याकडं लग्नात व्याह्यांची पंगत आठव."

"म्हणजे सगळं गाव साक्षीला बसवायचं."

"बरोब्बर बोललीस! माझा जन्म गेला भूमिअभिलेख कचेरीत, मला ते बघताक्षणी कळलं. अगं, तो कंदील म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद आहे. गाव जेवलं, पूर्वजांना कळवलं, पोराचं नाव वंशावळीत चढलं. आता कुळाच्या सामाईक जमिनीचं जे उत्पन्न येईल, त्यात त्याचा वाटा. कोणी उठून म्हणू शकत नाही की हा आमचा नव्हे. जन्मदाखले नव्हते तेव्हा हाच दाखला."

"आता तर दाखले आहेत. मग अजून कशाला?"

"आता तर जास्तच. १९७२ साली इंग्रज सरकारनं तिथं एक योजना काढली. १८९८ साली, म्हणजे इंग्रजांनी तो मुलूख नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं घेतला तेव्हा, जो त्या गावचा रहिवासी होता, त्याच्या वंशातल्या पुरुषाला, बापाकडून, हां, आईकडून नव्हे, अठरा वर्षं पुरी झाली की आयुष्यात एकदा घर बांधायचा अर्ज करता येतो. तीन मजले, मजल्याला ७०० चौरस फूट."

"हाँगकाँगात? तिथं तर खुराड्यात राहतात म्हणे लोक."

"आता कंदिलाचा उजेड पडला ना डोक्यात? पोरगं दुपट्यात असतं आणि त्याचं तिमजली घर ठरलेलं असतं. मान घराण्याचे कितीतरी लोक विलायतेत आणि हॉलंडात हॉटेलं चालवायला गेले, हक्क त्यांचेही शाबूत. काहीजण तर परस्पर बिल्डरला हक्क विकतात. गुपचूप बरं का, कायद्यात बसत नाही ते. आणि आमची लेक ज्या मधल्या मजल्यावर भाडं भरते, तेही असंच घर. त्या कंदीलवाल्या बाळाच्या आजोबांच्या हक्काचं."

"कोर्टात नाही गेलं कोणी?"

"गेलं की. २०२१ मध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं, पारंपरिक हक्क आहे, राहू दे. १९९७ नंतरच्या त्यांच्या मूलभूत कायद्यात तसं कलमच आहे. आणि ते लोक सोडणारे नव्हेत. १८९९ साली इंग्रज मुलूख ताब्यात घ्यायला आले तर काम तिनवाले तटबंदीची दारं लावून आत बसले. इंग्रजांनी लोखंडी दरवाजेच उचकटले. गव्हर्नर ब्लेकनं ते आयर्लंडला घरी नेले, शोभेला! गाव मागत राहिलं. १९२५ साली परत आणून बसवायला लावले. मी हात लावून आले."

"दरवाजे परत आले, पण पोरींचं काय?"

"तेच सांगते. १९९४ पर्यंत तिथल्या बहुतेक गावांत मृत्युपत्र नसेल तर बापाची जमीन लेकीला नाही. मुलगा नसेल तर चुलत्याला, पुतण्याला. पोरीला घराबाहेर व्हायची पाळी. काही बायका उठल्या, क्रिस्टीन लोह म्हणून विधिमंडळातल्या बाईंनी दुरुस्ती मांडली. गावच्या पुढाऱ्यांनी असा धुरळा उडवला! कायदेमंडळाबाहेर मोर्चे, बाईंना गावात आलात तर बघून घेऊ अशा धमक्या, त्याही कुठल्या थराच्या ते कुंपणावरून बोलायचं नाही. पण कायदा झाला. महिना कुठला सांग? १९९४ चा जून."

"म्हणजे आपलाच!"

"आपलाच! २२ जून १९९४. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हिस्सा लागू झाला ती तारीख मी झोपेतही सांगीन. त्या वर्षी कचेरीत नुसती झुंबड. तारखेच्या आधी लग्न झालेल्या मात्र वगळलेल्या. मी त्यातली. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात आलो आम्ही. पण घराच्या अर्जाचा हक्क तिथं आजही पुरुषालाच."

"नाही म्हटलं तरी आपण तरी कुठल्या तोंडानं बोलावं. सातारा जिल्ह्यातच नकोशा नावाच्या मुली निघाल्या की नाही?"

"२०११ साली २८५ जणींची नावं बदलली समारंभ करून. अगं, चिनी लोकांतही तेच. पहिली-दुसरी मुलगी झाली की तिचं नाव ठेवायचं 'भावाला बोलाव'. आयुष्यभर तिनं हाक ऐकायची ती न आलेल्या भावाची. आणि त्या वॉटसनची बायको, रूबी वॉटसन, तिनं हा चुएन नावाच्या तांगांच्याच गावाबद्दल लिहिलंय, की पुरुषाला जन्मभर नवनवी नावं मिळत जातात, शाळेतलं, लग्नातलं, धंद्यातलं. बाईचं लग्न झालं की आहे तेही नाव जातं. मग अमक्याची बायको, तमक्याची आई."

"तांदळात बोटानं नवीन नाव लिहिलेलं मी विसरले नाही, काकू. अजून माहेरी गेले की हाक ऐकू येत नाही पटकन."

"तुझं जुनं नाव काय गं?"

"निर्मला."

"हे इतकी वर्षं शेजारी राहून आज कळतंय मला. बरं ते जाऊ दे. परवा तुझा भाऊ आला होता ना? मोटारसायकल अंगणात होती तासभर. एवढा वेळ बसणारा नव्हे तो."

"सही मागायला आला होता."

"हक्कसोडपत्र?"

"वहिनीचा आग्रह आहे म्हणाला. रक्षाबंधनाच्या आधी उरकून टाकू. मी म्हटलं, विचार करून सांगते. तर एवढुसं तोंड करून गेला. आता वाटतं, करून टाकावी. माहेर तुटायला नको."

"केलीस?"

"नाही अजून."

"वाचलास का कागद?"

"नाही."

"मग कर की उद्या सकाळी एक. गट नंबर घेऊन ये, आणि जुना फेरफार असला घरात तर तोही. किती गुंठे, कोणाच्या नावावर, विहीर सामाईक आहे का, सगळं बघू. सही करायची की नाही ते त्यानंतर. चष्मा मी घेऊन बसते, चहा तू कर. आणि गवार घे ती, मांजर तोंड लावतंय."