फोडणीवाले नाना

सुरतेच्या उधन्यात गल्लीगणिक एक नाना सापडतो. धुळ्या-जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आलेला, उमेदीची वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला, त्यामुळे शेजारी बसलेल्याशीही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा. निवृत्तीनंतर त्याच्याकडे एकच खातं उरतं, चवीचं. शेजारणीच्या वरणात काय कमी पडलंय हे तो जिन्यातूनच, न विचारता सांगतो. लग्नाला गेला की आधी रस्सा बघतो, मग नवरदेव.

अशाच एका नानांच्या दारी कुत्र्याचं पिल्लू आलं. घरच्यांनी साधा भात पुढे केला, तर नाना कडाडले, "फिका भात? पाव्हना शे तो!" लगेच शेवभाजीचा रस्सा आला, त्यावर लसूण ठेचून घातलेलं भरीत. पिल्लानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली, आणि नानांना आयुष्यातली सर्वात मोठी दाद मिळाली. हेच पिल्लू सकाळी तितक्याच आवडीनं चप्पल खात होतं, हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आहार विचारला आणि कपाळाला हात लावला. कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. किलोभर वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला एक लहानसा कांदा पुरे. त्रास लगेच दिसतोच असं नाही, हिरड्या पांढुरक्या पडायला काही दिवसही लागतात.

नानांनी साडी मार्केटमधली घासाघीस सुरू केली. शिजवलेला? नाही. कांद्याची पात? तीही त्याच कुळातली. पावडर? ती तर आणखी जहाल. तिखट, जायफळ, काळा मसाला एकेक करून बाद झाले, मिठालाही कात्री लागली. पदरात पडली हळदीची चिमूट आणि कोथिंबिरीची दोन पानं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, जैन जेवण समजा." सुरतेत एवढं पुरतं. इथं प्रत्येक लारीवर ते मिळतं. नानांचा चेहरा उजळला, पण डॉक्टर पुढे म्हणाले, "आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाडं काढून." उकडलेलं चिकन खाणारा जैन नानांच्या डोक्यात अजून बसलेला नाही.

गल्लीत मात्र त्यांनी दवंडी पिटली, "आमना बाळ्या जैन शे!" आता पिल्लासमोर कुणी पुडी उघडली की ओट्यावरून आवाज येतो, "लसूण शे का त्याम्हा?" पोरं बिचकतात. लसणाची शेव निघाली तर नाना ती जागीच जप्त करतात. आणि बीपीमुळे घरात आपल्याही ताटातलं मीठ कमी झालंय, हे विसरून मुद्देमाल तिथेच फस्त करतात.