समाचारास येणाऱ्यांचे समाधान

रसायनोपचाराचे एक आवर्तन आटोपून घरी आलेल्या रुग्णास विश्रांतीवाचून दुसरे काम नसते, असे वैद्यकशास्त्राचे म्हणणे आहे. परंतु वैद्यकशास्त्राचा अंमल इस्पितळाच्या फाटकापाशी संपतो आणि तेथून पुढे आप्तेष्ट, शेजारी व जुने सहकारी यांची सत्ता सुरू होते. महसूल खात्यात हयात गेली असल्यामुळे वरिष्ठांची मर्जी राखण्याचा मला सराव आहे. पण दप्तरतपासणीस येणारे प्रांतसाहेब एका वेळी एकच असत, आणि त्यांस काय पाहावयाचे आहे याची इत्तला आगाऊ मिळे. समाचारास येणाऱ्या गृहस्थास मी किती खंगलेला पाहावयाचा आहे, हे मात्र तो उंबऱ्याबाहेर चपला काढीत असताना त्याच्या मुद्रेवरूनच ओळखावे लागते.

मोठी अडचण माझ्या चेहऱ्याची आहे. मला झालेल्या लिम्फोमावर, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर, जी औषधे एकत्र देतात त्यांत प्रेडनिसोलोन नावाचे एक स्टेरॉइड असते. एकवीस दिवसांच्या प्रत्येक आवर्तनात पहिले पाच दिवस त्याच्या 100 मिलिग्रॅमची रोजची नेमणूक ठरलेली. हे द्रव्य झोप जप्त करते आणि मोबदल्यात भूक देते. चेहराही वाटोळा होतो, आणि वैद्यकीय ग्रंथांनी त्यास चंद्राचेच नाव दिलेले आहे. कवींनी जी उपमा तरुण नायिकांसाठी राखून ठेवली ती माझ्या वाट्यास येण्यासाठी साठी उलटावी लागली. तेव्हा रुमाल काढण्याच्या बेताने, कंठ दाटून घेऊन आलेल्या गृहस्थापुढे जेव्हा गुबगुबीत गालांचा आणि शिऱ्याची दुसरी बशी संपवीत असलेला इसम प्रकट होतो, तेव्हा ‘‘वा, अण्णा, तब्येत तर छान दिसते तुमची!’’ असे तो म्हणतो खरा, परंतु साऱ्याची माफी मागणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात भरलेली कणगी दिसल्यावर तलाठ्याच्या आवाजात जो संशय उमटतो, तोच त्या उद्गारात असतो.

अशा प्रसंगी मी टोपी काढतो. टोपीखालचा पुरावा निर्विवाद आहे. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा नाश करतात, आणि केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील पेशीही बिचाऱ्या उद्योगी असल्यामुळे गुन्हेगारांबरोबर त्यांचीही धरपकड होते. डोक्यावरील सफाई दिसली की पाहुण्याच्या जिवात जीव येतो, येण्याचे सार्थक होते आणि तो निश्चिंतपणे चहा मागतो. या साधनात धोका मात्र आहे. आजाराची खबर न लागलेले हिचे एक लांबचे मामा सहज म्हणून आले, माझे मुंडण पाहून दारातच थबकले आणि अत्यंत हळू आवाजात विचारते झाले, ‘‘कोण गेलं?’’ ‘‘अद्याप कोणी नाही,’’ असे मी सांगितले, पण ते पुरते सावरले नाहीत. पाणी न पिताच उठले.

अस्थिमज्जेवर धाड पडली की रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आणि औषधानंतर साधारणतः सात ते चौदा दिवसांत त्यांची संख्या अगदी तळाला जाते. त्या काळात थर्मामीटरने 100.4 अंश फॅरनहाइट दाखविले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावयाचे, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद असते. ही ताकीद हिने अशा निष्ठेने अमलात आणली आहे की, घराचा दरवाजा म्हणजे जकातनाका झाला आहे. साबणाने हात धुतल्याखेरीज कोणास प्रवेश नाही. कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळे आणि बाहेरचा उसाचा रस यांस मनाई. फुलांचे गुच्छ बाहेरच्या बाहेर जप्त. ‘‘ही सर्दी नव्हे वहिनी, धुळीची ॲलर्जी आहे,’’ अशी कैफियत मांडणाऱ्या माझ्या एका जुन्या मित्राचे अपील तिने जिन्यातच फेटाळले, आणि आम्ही दोघे खिडकीतून एकमेकांस हात करीत राहिलो.

आत आलेल्यांचा पहिला प्रश्न ‘‘टाटाला दाखवलंत का?’’ हा असतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली उघडले, आणि आता कर्करोग झालेल्या मराठी मनुष्याने या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून त्याचा आजार कायदेशीर ठरत नाही. दुसरा प्रश्न नसतो, उपदेश असतो. गव्हांकुर, गोमूत्र आणि पपईची पाने यांची शिफारस करणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी तर, ही विषारी रसायने सोडून निसर्गास शरण जा, असा आग्रहच धरला. त्यांचे वय आणि माझी भूक लक्षात घेऊन मी वाद टाळला. परंतु आमच्या गॅलरीतील सदाफुलीकडे बोट दाखवून एवढे निवेदन केले की, माझ्या शिरेतून जाणारे व्हिन्क्रिस्टीन याच झाडापासून काढतात आणि 1963 पासून ते अमेरिकेतही मान्यता पावलेले आहे. गुरुजी किंचित वरमले. तेव्हा मी डॉक्सोरुबिसिनची हकीकत काढली. या लालभडक औषधाने पुढे लघवीही लाल होते, आणि ते ज्या जंतूपासून निघाले तो इटलीतील कास्तेल देल मोन्ते नावाच्या तेराव्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत सापडला. किल्ल्याची माती म्हणताच गुरुजींनी जागच्या जागी हात जोडले. तिसरे औषध सायक्लोफॉस्फमाइड. ते मस्टर्ड गॅस या युद्धातील विषारी वायूच्या वंशातले. त्याच घराण्यातील नायट्रोजन मस्टर्ड 1942 साली येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्याच कर्करोगाच्या रुग्णावर प्रथम वापरले, आणि युद्धाची गुप्त बाब म्हणून 1946 पर्यंत त्याची वाच्यता होऊ दिली नाही. मीही गुरुजींच्या समोर ते दप्तर बंदच ठेवले.

‘‘आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं’’ अशी सुरुवात करून मध्येच गप्प होणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. त्यांचे साडू सध्या कोठे आहेत, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

तरी या लेखाच्या वाचकांपैकी कोणी एखाद्या रुग्णाकडे जाण्याच्या विचारात असल्यास त्याने आधी फोन करावा, नाक वाहत असल्यास भेट तहकूब ठेवावी आणि रुग्णाच्या दिसण्यावर कोणताही निकाल देऊ नये. कोणाची बदली कोठे झाली, कोणाच्या कुंपणाने कोणाची हद्द ओलांडली, तलाठी कार्यालयात नवीन काय शिजते आहे, या वार्ता अवश्य आणाव्यात; त्यांस पथ्य नाही. माझ्याकडे यावयाचे असेल तर साडेचारच्या चहाला यावे. प्रकृतीची चौकशी तेवढी हिच्याकडे करावी, कारण ते सर्व कागद तिच्याच ताब्यात असतात.