हरी, ब विंग

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा सत्कार्याचा आहे. नवऱ्याने आजवर दिलेल्या देणग्यांच्या पावत्या तिथे तारीखवार फायलीत लावलेल्या असतात. वाचनालयाची इमारत, पाड्यावरची शाळा, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, वृक्षारोपण, कीर्तन महोत्सव, दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं. दारात उभं राहून कुणी दोन वाक्यं नीट मराठीत बोललं की हा पाकीट शोधायला आत जातो. रक्कम डोळे दिपवणारी नसते, पण पावतीवर नाव बरोबर पाहिजे. एकदा एका संस्थेने त्याच्या आडनावातली वेलांटी चुकवली, तर हा रिक्षाने जाऊन पावती बदलून घेऊन आला. रिक्षाचे पैसे देणगीपेक्षा जास्त झाले.

मला यात काही गैर वाटत नसे. देणगीची मोठी सोय अशी की ती दिली की संपते. पाड्यावरची शाळा रात्री अडीच वाजता तुमच्या अंगावरची चादर ओढत नाही. वाचनालय सोफ्यावर केस गाळत नाही.

या सगळ्याला पहिला धक्का दिला आयकराने. आमच्या सीएने शांतपणे सांगितलं, की नव्या करप्रणालीत गेलात तर तुमचा कर कमी होईल, फक्त कलम ८०जीची वजावट मिळणार नाही.

"म्हणजे शाळेला दिलेले पैसे?"

"द्या की. फक्त मनापासून द्यावे लागतील."

नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "इतक्या ठिकाणी थोडं थोडं देण्यापेक्षा एकच काम धरावं. मनाच्या अगदी जवळचं." त्याच्या मनाच्या जवळ नक्की काय आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळणार, या उत्सुकतेने मी कप खाली ठेवला. पण ते त्यालाही माहीत नव्हतं. ते लेकीने ठरवलं. ती पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, एखादा कुत्रा स्पॉन्सर कर. महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे, ते त्याचं खाणंपिणं आणि औषधं बघतात. फोटोही पाठवतात." पावती मिळते का, हे विचारून झाल्यावर त्याने होकार दिला.

फोटो आला. एक काळा, थोराड कुत्रा कॅमेऱ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होता. दुसऱ्या महिन्यातही भिंतच. तिसऱ्या फोटोत भिंत बदलली होती. मग नवरा म्हणाला, आपण पैसे देतो तर निदान तोंड बघून येऊ.

घोडबंदर रोड सोडून आत वळल्यावर पत्र्याच्या शेडांची एक रांग होती, तेच शेल्टर. आधी फिनेलचा वास येतो, मग हळदीचा. एका प्रचंड पातेल्यात तांदूळ, भोपळा आणि कोंबडीचे गळे-पाय एकत्र शिजत होते आणि एक मुलगा ते वल्ह्याएवढ्या उलथन्याने ढवळत होता. चहूकडून भुंकणं. पाच मिनिटांत आपल्याला ते ऐकू येईनासं होतं आणि आपण स्वतः ओरडून बोलतोय हे बाहेर आल्यावर रिक्षावाला सांगतो.

तिथल्या मुलींनी आम्हाला फिरवलं. एका पिंजऱ्यात धिप्पाड हस्की पंख्याखाली आडवा पडलेला होता. सैबेरियात स्लेज ओढणाऱ्या जातीचा हा प्राणी कुणीतरी ठाण्याच्या मे महिन्यात हौसेने पाळला आणि विजेचं बिल बघून सोडून दिला. शेजारी लॅब्राडॉर. तो म्हातारा झाला म्हणून. "लोक येतात आणि विचारतात, लॅब आहे का," एक मुलगी म्हणाली. "नसेल तर पिल्लू द्या. पिल्लू गोरं द्या. गोरं नसेल तर निदान ब्राऊन." काळे आणि मोठे मागे राहतात. कुत्र्यांच्या बाबतीतही आपण स्थळं कशी बघतो हे ऐकून मी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या वेळी माझ्या रंगावर त्याच्या आत्याने काय शेरा मारला होता ते त्याला आठवलं असावं, कारण तो घाईघाईने पातेल्याकडे बघू लागला.

आमचा काळा शेवटच्या शेडमध्ये होता. उजव्या कानाला इंग्रजी व्हीसारखी खाच. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की भटक्या कुत्र्याच्या कानाला ही खूण करतात. २०२३च्या नियमांप्रमाणे, आणि त्याआधीच्या २००१च्याही, असा कुत्रा जिथून उचलला तिथेच नेऊन सोडायचा असतो. यालाही टेम्पोची धडक बसल्यावर बरा करून सोडायला नेलं, तर याची चाळ पुनर्विकासात गेलेली. सगळीकडे पत्रे. रहिवाशांना निदान भाडं सुरू झालं होतं. याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

तो भुंकला नाही, शेपूट हलवली नाही. नवऱ्याकडे बघून त्याने एक दीर्घ सुस्कारा सोडला. असा सुस्कारा आमच्या घरात फक्त मी सोडते. नवऱ्याला तो ओळखीचा वाटला असणार. फॉर्म तिथेच मागितला.

पैसे द्यायला कुणी फॉर्म विचारला नव्हता. कुत्रा न्यायचा म्हटल्यावर चार पानं निघाली. घर स्वतःचं की भाड्याचं? बाल्कनीला ग्रिल आहे का? दिवसातून किती तास घर रिकामं असतं? बाहेरगावी गेलात तर कोण सांभाळणार? घरातल्या सर्वांची संमती आहे का? इतकी चौकशी माझ्या वडिलांनीही केली नव्हती. त्यांनी फक्त नोकरी कायम आहे का एवढंच विचारलं होतं.

मग घर बघायला जीन्स घातलेली एक पोरगेलीशी मुलगी आली. सासूबाईंनी सवयीने पोहे केले होते, वर खोबरं-कोथिंबीर. ती म्हणाली, "सॉरी आजी, आम्ही काही घेत नाही. निर्णयावर परिणाम होतो." सासूबाईंच्या आयुष्यात पोहे नाकारून घर पसंत करणारं माणूस पहिलंच. तिने ग्रिल हलवून बघितलं, मिक्सर कुठे असतो ते विचारलं आणि शेवटी सासूबाईंकडे वळली. "आजी, तुमची हरकत नाही ना?"

मी श्वास रोखला. सासूबाईंचं सोवळं-ओवळं सगळ्या विंगला माहीत आहे. पण त्या म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार असतात. खंडोबाजवळही असतो. आमच्याकडे एकाने काय होतंय?" मुलीने लिहून घेतलं. 'ज्येष्ठांची संमती' या रकान्यात तिने काय लिहिलं असेल ते वाचायची मला फार इच्छा होती.

शेल्टरमध्ये नावं खेपेखेपेने ठेवतात. त्याच्या खेपेला बिस्किटं चालू होती, म्हणून हा ओरिओ. सासूबाईंच्या तोंडात ते बसेना. ओरी, होरी करत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा हरी झाला. मी म्हटलं, आई, देवाचं नाव? त्या म्हणाल्या, "नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते मागे तुपाची वाटी घेऊन धावले. त्यांना चाललं ते तुला चालत नाही? आणि दिवसभर हरीचं नाव आयतं तोंडात राहतं." तेव्हापासून आमच्या घरातून "हरी, खाली उतर!" आणि "हरी, चप्पल टाक!" असा अखंड नामजप चालू असतो.

शेल्टरची माणसं सांगतात की बुजणं जायला तीन दिवस, घर समजायला तीन आठवडे आणि ते आपलं वाटायला तीन महिने लागतात. हरीने हे हप्ते पाळले नाहीत. आधी तो जेवणाच्या टेबलाखाली राहिला. फ्लॅटमध्ये आपल्याला नेहमीचं वाटणारं जवळजवळ सगळंच त्याला संशयास्पद होतं: कुकरची शिट्टी, आरशातला काळा कुत्रा, टीव्हीवर तावातावाने भांडणारे पाहुणे. (या शेवटच्या बाबतीत तो आमच्यापेक्षा शहाणा.) मग एका रात्री अडीच वाजता तो उठला, नवऱ्याच्या अंगावरची चादर दातांनी ओढून टेबलाखाली नेली आणि तिच्यावर झोपला. नवऱ्याने सकाळपर्यंत ती परत मागितली नाही. शिंका येत होत्या, तरी.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट मात्र आम्हाला फॉर्मवर कुणी सांगितली नव्हती. गुंडाळलेला कागद दिसला की हरी बेभान भुंकतो. पेपरवाल्याने टाकलेला पेपर, नव्या वर्षाचं कॅलेंडर, मुलांचं चित्रकलेचं भेंडोळं. त्याला कुणी कशाने मारलं असेल हे समजायला पोलीस तपासाची गरज नाही. आणि आपल्याकडे गुंडाळलेला कागद हातात घेऊन दारात कोण येतं? पावतीपुस्तकवाले. वृक्षारोपणवाले जिन्यातूनच परत गेले. कीर्तन महोत्सवाचे गृहस्थ लिफ्टमध्ये शिरून बटणं दाबत राहिले. अशा रीतीने नवऱ्याची सामाजिक बांधिलकी तळमजल्यावर अडली.

लिफ्टचं प्रकरण पेटायचंच होतं. अ विंगमधल्या एका काकूंची तक्रार, की कुत्र्याने जिन्याने जावं. ती सर्वसाधारण सभेत आली. तो ऑगस्ट २०२५. दिल्लीतले सगळे भटके कुत्रे उचला, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ११ तारखेला आलेला, २२ तारखेला त्यात बदल होऊन नसबंदी-लसीकरण करून परत सोडा असं ठरलेलं, आणि मधल्या काळात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे घटनातज्ज्ञ झालेले.

नवरा तयारीने गेला होता. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकाची प्रत त्याने सपाट धरली होती, सवयीने. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, कायदा ठीक आहे, पण परंपरा काही आहे की नाही? हे विचारायला नको होतं.

"१८३२," नवरा म्हणाला आणि उभा राहिला. त्या साली मुंबईत इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारायचं फर्मान काढलं. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस, त्यामुळे शिपाई घरातलीही कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जूनला फोर्टात पारशांनी त्यांना चोप दिला आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद. मुंबईतल्या पहिल्या काही हरताळांपैकी एक कुत्र्यांपायी झालाय. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरापोळ काढला. तो आजही उभा आहे.

"पारशी वेगळे," कुणीतरी म्हणालं.

"बरं. बॉम्बे हाउसमध्ये, टाटांच्या मुख्य कचेरीत, २०१८च्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली केली. टाटांच्या कचेरीत चालतं आणि ब विंगच्या लिफ्टमध्ये चालत नाही?"

"टाटाही पारशीच."

सभा हातची जाणार असं दिसताच सासूबाई खुर्चीतून बोलल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, म्हणून त्या बसूनच बोलतात आणि त्यामुळे सगळ्यांना वाकून ऐकावं लागतं.

"महाभारत कशाने सुरू होतं?"

सगळे गप्प. शंतनू, असं एकजण पुटपुटला.

"जनमेजयाच्या यज्ञात एक पिल्लू आलं. सरमा नावाच्या कुत्रीचं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नव्हतं, तिकडे बघितलंही नव्हतं. जनमेजयाच्या भावांनी उगाच बडवलं. त्याची आई जाब विचारायला आली, तेव्हा सगळे खाली बघत बसले. तुम्ही आत्ता बसलायत तसे. मग तिने शाप दिला, की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल."

"पण काकू, आपल्याकडे यज्ञ कुठे—"

"सत्यनारायण असतो ना दरवर्षी?"

सेक्रेटरींनी लिफ्टचा विषय पुढच्या सभेवर टाकला. तो अजून तिथेच आहे.

न्यायाने सांगायचं तर अ विंगच्या काकूंचंही खोटं नव्हतं. त्यांच्या नातवाला मागे रस्त्यावर कुत्रा चावला होता. कुत्रा चावलेल्याला महाभारत सांगू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच इंजेक्शनला न्यावं, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मी त्यांना हरीचं लसीकरणाचं पुस्तक नेऊन दाखवलं. सपाट. त्यांनी तारखा तपासल्या आणि म्हणाल्या, "आमच्या नातवाचंसुद्धा इतकं नीट ठेवलेलं नाही." त्या अजून आमच्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत, पण दार धरून ठेवतात.

गणपती आले. वर्गणीला पोरं आली ती पुस्तक खाली वॉचमनकडे ठेवून, मोबाइलवर क्यूआर घेऊन. नवऱ्याने घराचे पैसे भरले आणि काय मनात आलं कोण जाणे, आणखी ५०१ रुपये भरून शेऱ्यात लिहिलं: हरीतर्फे. पोरांनी प्रामाणिकपणे फलकावर चढवलं. रकमेप्रमाणे यादी होती. 'हरी, ब विंग – ५०१', आणि त्याच्या बरोबर खाली सेक्रेटरी – २५१.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की वर्गणीदारांच्या यादीत फक्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांचीच नावे घ्यावीत. सासूबाईंनी निरोप पाठवला की नाव काढा, पण आधी ५०१ रुपये परत द्या. ते मांडववाल्याला देऊन झाले होते. संध्याकाळी बघते तर नाव जागेवर, आणि सेक्रेटरींच्या नावापुढचे २५१ खोडून ५५१ केलेले.

नवऱ्याने फोन काढला. मी तो काढून घेतला. तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई पेन्शनचं पाकीट घेऊन निघाल्या होत्या, हरीला घेऊन, लिफ्टने.