लवंगेवर बहिष्कार

झांझिबारला निघालो हे कळल्यावर कल्याणच्या पुढच्या स्टेशनावरच्या आमच्या अख्ख्या शहाडने एकच प्रश्न विचारला, "तिथे आहे काय?" निळा समुद्र, जोझानीच्या जंगलातली तांबडी माकडं, कशाने कुणाचं समाधान होईना. "मसाल्याच्या बागा आहेत," म्हटल्यावर मात्र आई पिशव्या शोधायला उठली.

तिथे पाहुण्यांना बागेतून फिरवतात. वाटाड्या एखादं पान चुरगळून नाकाशी धरतो आणि ओळखायला सांगतो. गोरी मंडळी डोळे मिटून विचारात पडतात. आई दुरूनच निकाल द्यायची, "दालचिनी. पुढे चला." वालधुनी नदीच्या दुर्गंधीत इतकी वर्षं टिकलेलं नाक ते! वाटाड्याने जायफळाचं फळ फोडून आतली लालभडक जायपत्री दाखवली. सगळ्यांनी फोटो काढले. आईने विचारलं, "आणि दगडफूल?" तेही नाही, नागकेशरही नाही! दर मे महिन्यात कांडपावर शिंका देत उभं राहून आगरी मसाला कुटून आणणाऱ्या बाईच्या परीक्षेत ती बाग जेमतेम पास झाली.

लवंगेपाशी ती थांबली. लवंग म्हणजे न उमललेली कळी. हाताने खुडायची, उन्हात वाळवायची. मोलुक्का बेटांवरचं हे झाड एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतान सय्यद सईदने इथे जोमाने वाढवलं, ते गुलामांच्या कष्टावर. इथला गुलामांचा बाजार बंद व्हायला 1873 साल उजाडलं. हे ऐकल्यावर आईने तोंडात टाकायला घेतलेली कळी तशीच मुठीत धरली.

तसा हा किनारा आम्हाला परका नाही. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पूर्व आफ्रिकेची बंदरं आहेत, तसं कल्याणही आहे. शहाड नाही, तेव्हाही गाडी कल्याणच्या पुढे गेली नसावी. पुढे झांझिबारच्या लवंगेचं मोठं गिऱ्हाईक आपणच झालो. इंग्रजी अमलात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना या धंद्यातून हुसकणारे कायदे आले, तेव्हा 1937 साली काँग्रेसने तिथल्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. गिऱ्हाईकच रुसल्यावर करतात काय? 1938 मध्ये तडजोड झाली.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. बागेच्या दारातल्या दुकानात लवंगेच्या पुडीचा डॉलरमधला भाव ऐकून तिने पुडी खाली ठेवली आणि सरळ चालू लागली. दुकानदार मागून हाका मारत होता. मी थबकलो.

"वळू नकोस," ती दटावून म्हणाली, "अजून उतरेल."