शीर दिसली का, शीर?

अभिनय मोजायचं माप अखेर सापडलं आहे. मानेची शीर. नट ओरडताना कानाखालून गळ्याकडे जी फुगते ती. बोटभर फुगली तर काम बरं. दोन बोटं फुगली तर राष्ट्रीय पुरस्कार. आणि तिच्या जोडीला कपाळावरचीही उठली तर 'याच्यापुढे आता कोणी करूच शकत नाही' असा निकाल रात्री साडेबाराला, शो सुटल्यावर, नाशिकच्या कॉलेज रोडवर गाडीवर टांग टाकता टाकता लागतो. त्यावर अपील नाही.

कुठला सिनेमा ते विचारू नका. राजा आहे, गड आहे, फितूर आहे, धुरळा आहे आणि मध्यंतरानंतर साखळदंड आहेत. म्हणजे कुठलाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तीनदा पाहून आले. पहिल्या खेपेला खुर्ची डावीकडच्या भिंतीलगतची मिळाली, त्यामुळे राजाच्या मानेची उजवी बाजू नीट दिसली नाही, ही त्यांची खंत. "दुसऱ्यांदा मधली खुर्ची घेतली, तेव्हा कळलं हो, माणूस काय चीज आहे!" मी विचारलं, त्या प्रसंगात तो म्हणतो काय? सेक्रेटरींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ऐकू कुठे येतंय? सगळं थेटर ओरडत होतं." म्हणजे नटाने महिनोन्महिने घोटलेली आरोळी तिकीट काढून आलेल्या चारशे लोकांनी आपल्या आरोळीखाली गाडली, आणि मग एकमताने ठरवलं की आरोळी अफाट होती.

तिसऱ्या खेपेला सेक्रेटरींनी पडद्याचा फोटो काढला आणि मानेभोवती लाल गोल करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. घोळ केला तो बी विंगमधल्या डॉक्टरांनी. त्यांनी लिहिलं, की गोलात दिसतेय ती शीर नसून स्नायू आहे, मान वळवली की प्रत्येकाचाच दिसतो, आरशात पाहा. झालं! डॉक्टरांना विचारण्यात आलं, की आपल्या इतिहासाबद्दल तुमचं नक्की म्हणणं काय आहे? त्यांनी शरीरशास्त्राच्या पुस्तकातली आकृती पाठवली. ती परकी आहे असं निष्पन्न झालं. डॉक्टर आता ग्रुपवर आहेत, पण नुसते आहेत. पाण्याच्या टँकरबद्दल त्यांनी मांडलेला हिशेबही कोणी वाचत नाही. उलट ए विंगमधला पोरगा, जो गंगापूर रोडच्या जिममध्ये शिकवतो, त्याचा भाव वधारला आहे. खास मानेचा व्यायाम म्हणून त्याने वेगळी बॅच काढली आणि ती भरली. पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये सात-आठ प्रौढ पुरुष दात आवळून, डोळे वटारून, एकमेकांच्या गळ्याकडे टक लावून उभे असतात. दूधवाल्याने पहिल्या दिवशी ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. शाळेच्या गॅदरिंगचीही हीच तऱ्हा. तिसरीतल्या मुलाला राजाचं काम मिळालंय, भाषण तोंडपाठ आहे, पण त्याची आई काळजीत. "बाकी सगळं येतं हो, शीर तेवढी अजून येत नाही." आठ वर्षांचं पोर! त्याचे दुधाचे दात पडायचेत अजून.

शीर न फुगवणाऱ्यांचं काय होतं, तेही सांगतो. अशा सिनेमात एक बादशहा असतो. तो ओरडत नाही. जागचा हलतही नाही. पापणी अर्धी उचलतो, एखादा शब्द सोडतो आणि सभोवतालचे सरदार घाम पुसतात. तीन तास सगळ्या सिनेमाची भीती हा एकटा माणूस आपल्या पाठीवर वाहून नेतो. त्याच्या कामाबद्दल आमच्याकडचं मत असं : "त्याला काय होतं? बसूनच तर होता." आणि राणी? ती निरोप देते, ओवाळते, दाराआड हुंदका गिळते. हुंदका गिळणं हे बाहेर काढण्याच्या दसपट अवघड, हे कुठल्याही नटाला विचारा. मी मोठ्या आशेने वहिनींना विचारलं, राणीचं काम कसं वाटलं? वहिनी म्हणाल्या, "नथ छान होती." घोड्याबद्दल मात्र सगळ्यांचं मत चांगलं आहे. त्याच्या मानेला भरपूर शिरा आहेत.

आपल्याकडचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट 1913 साली आला, 'राजा हरिश्चंद्र'. तोही राजाचाच. मूकपट. राणी झाला होता तो एक पुरुषच. पुढे नाशकातही मूकपट तयार होऊ लागले. म्हणजे ज्या गावात नटांनी आवाजाविना राजे उभे केले, त्याच गावात आता आवाज कमी पडला की राजा पडला. शालिमारच्या नाट्यगृहात हौशी स्पर्धेची नाटकं होतात. एखादी बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करणारी मुलगी, रात्री तालमी करून उभी राहिलेली, तिथे कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवते. पोहोचते ती, पण तिथे बसलेलं कोणी नसतं. ते सगळे मॉलमध्ये शीर पाहायला गेलेले असतात.

असो. शिरेपर्यंत मी हसत होतो. आता अश्रूंकडे येऊ.

सिनेमा संपला की लोक रडतात. रडावं. काळीज असलेल्या माणसाने रडावंच. पण आमच्याकडे रडण्याआधी मोबाइल उभा करतात. आधी चेहऱ्यावर उजेड येतो का पाहायचं, मग रडायचं, मग बघायचं, आणि नाक नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा रडायचं. दुसरं रडणं पहिल्यापेक्षा सफाईदार असतं. पडद्यावरच्याने निदान पैसे घेऊन अभिनय केला होता.

तेही एक वेळ चालवून घेईन. मोठी माणसं आहेत, त्यांचे डोळे, त्यांचा मोबाइल. पण ती पोरं? पाच-सहा वर्षांची पोरं उचलून आणतात रात्रीच्या शोला. पडद्यावर माणसाचे डोळे काढताहेत, कातडं सोलताहेत, आणि हा बाप मोबाइल पडद्यावर नव्हे, पोराच्या तोंडावर रोखून बसलेला! पोर घाबरून आईच्या कुशीत तोंड लपवतंय, तर आई त्याची हनुवटी धरून पुन्हा वर करते. "रड ना बाळा, इकडे बघ." 2024 पासून प्रमाणपत्रावर सात, तेरा, सोळा अशी वयं छापून येतात, त्याखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावं असा त्याचा अर्थ. हे मार्गदर्शन! अरे, ते इतिहासासाठी रडत नाहीये, ते घरी जायचं म्हणून रडतंय! रात्री झोपेत दचकून उठेल ना ते, तेव्हा कोणी व्हिडिओ काढणार नाही. आणि असल्या व्हिडिओंखाली लाख-लाख लोक लिहितात, धन्य ते संस्कार. संस्कार? मांजराच्या पिल्लाला असं धरलं असतं तर पोलिसांत तक्रार झाली असती.

एवढं मी सेक्रेटरींना ऐकवलं, तर ते म्हणाले, "तुम्हाला इतिहासाचं प्रेम नाही." मग मी त्यांना रामशेज किल्ल्याबद्दल सांगितलं. पेठ रोडने गेलं तर आशेवाडीच्या डोक्यावर, शहरापासून पंधराएक किलोमीटर. सेक्रेटरी नाशकातच जन्मले. अजून चढलेले नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाची चढण आहे, पण तिथे रिक्लायनर नाही. 1682 साली मोगलांनी त्याला वेढा घातला. एवढासा गड, पण पाचेक वर्षं हाती लागला नाही. वर लोखंडी तोफ नव्हती, तर लोकांनी झाडांची खोडं पोखरून, आत चामडं बसवून तोफा केल्या. मोगलांचा सरदार इतका टेकीला आला, की त्याने मांत्रिक बोलावला. मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून घेतला, तो हातात धरला, आणि सगळी फौज मागे घेऊन, मंत्र पुटपुटत गड चढू लागला. काय आविर्भाव असेल! काय डोळे, काय मान! अर्ध्या वाटेत वरून गोफणीचा दगड आला आणि छातीत बसला. नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे. नाशिक जिल्ह्यात अभिनयाचं याहून चोख परीक्षण पुन्हा झालेलं नाही.

सेक्रेटरी खूश झाले. "यावर सिनेमा पाहिजे!" म्हणाले. दगड बसतो तिथे मध्यंतर घ्यायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं. मग विचारलं, "शेवटी काय होतं?"

म्हटलं, शेवटी मोगलांनी पैसे चारले आणि आपल्याच किल्लेदाराने गड देऊन टाकला.

सेक्रेटरी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेवढं कापता येईल ना?"